लंगड्या तालाची कुळकथा

रूपक मांडून बघा : तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन, दोन, दोन. समेवरच टाळीऐवजी खाली, ही रूपकाची खोडी. हाच सात मात्रांचा हिशेब ग्रीसमध्ये लग्नाच्या नाचात पायांनी होतो. हातात हात धरून गोल फिरायचं. नाचाचं नाव कलामात्यानोस. पलीकडे बल्गेरियात रचेनित्सा नाचतात, तिथं तीनाचा तुकडा शेवटी : दोन, दोन, तीन. नाचणारं कुणी मोजत बसत नाही. लांब पाऊल कुठलं, आखूड कुठलं, एवढं पायाला ठाऊक असलं की झालं.

या तालांच्या गोताला अभ्यासक ‘अक्साक’ म्हणतात. शब्द तुर्की, अर्थ लंगडा. तुर्की संगीतात ते नऊ मात्रांच्या एका तालाचं नाव. संगीतकार बार्टोकने असल्या तालांना ‘बल्गेरियन’ म्हटलं आणि ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानोसंग्रहाच्या शेवटी त्यांतले सहा नाच लिहिले. 1951मध्ये रुमानियाच्या कॉन्स्टंटिन ब्राइलोयूने तो तुर्की शब्द अख्ख्या गोताला लावला. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. लंगडणाऱ्याचा तोल जातो. इथे तोल कधीच जात नाही.

1958मध्ये जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक अमेरिकन सरकारच्या वतीने दौऱ्यावर निघाला. (याच दौऱ्यात तो मुंबईत सतारिये हलीम जाफर खाँ यांना भेटला.) इस्तंबूलच्या रस्त्यावर वादकांच्या हातून या नऊ मात्रा त्याच्या कानी पडल्या आणि पुढल्या वर्षी ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ आलं : दोन, दोन, दोन, तीन. ‘द नाइस’ या इंग्लिश बँडच्या कीथ इमर्सनने ती धून रॉकमध्ये आणली खरी, पण सरळ चाराच्या ठेक्यात बसवून. लंगडा बरा झाला आणि गंमत गेली!

ती परत आणली मिलानच्या ‘आरेआ’ या बँडने. गायक देमेत्रिओ स्ट्राटोस हा अलेक्झांड्रियात ग्रीक आईबापांच्या पोटी जन्मलेला. कलामात्यानोस त्याला पुस्तकातून शिकायला लागला नसणार. 1973च्या पहिल्याच अल्बममध्ये एका बाईच्या अरबी बोलण्यानंतर पुढे बाल्कन वळणाची धून विषम ठेक्यात उसळते, आणि तिच्या मागोमाग मोकाट जॅझ. स्ट्राटोस गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढायचा. पादुआच्या ध्वनिशास्त्रज्ञांनी त्याचा गळा तपासला होता.

1978चा अल्बम हा त्याचा ‘आरेआ’बरोबरचा शेवटचा. नावाचा अर्थ : देव निघून जातात, संतापलेले मागे राहतात. गिटारवादक पाओलो तोफानी तोवर बाहेर पडला होता (पुढे तो कृष्णभक्त झाला आणि वीणा वाजवू लागला), त्यामुळे कीबोर्डवादक फारिसेल्लीला ऐसपैस जागा मिळाली. भूमध्य समुद्राकाठचे लोकस्वर आणि जॅझ यांतला सांधा इथे दिसेनासा होतो. मला हा त्यांचा सर्वांत मोकळा अल्बम वाटतो, पहिल्यापेक्षाही.

पुढल्या वर्षी स्ट्राटोसला रक्ताचा गंभीर विकार जडला. उपचारांसाठी पैसे उभे करायला 14 जून 1979ला मिलानच्या अरेनात मैफल ठरली. आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये तो गेला, वय 34. मैफल झालीच. 1980मध्ये ‘आरेआ’ने आणखी एक अल्बम काढला. गायकाची जागा त्यांनी कुणाला दिली नाही.