निर्धान्य पिझ्झ्याचे कूळ

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली व तिचेच पुढे लष्कर शहर झाले. महाराज बाड्याच्या परिसरात वसलेल्या आपल्या घराण्यांनी कुळाचार व एकादशी दक्षिणेतून आणली. उपवासाच्या पिठात मात्र इकडच्या शिंगाड्याने व कुट्टूने मानाचे स्थान मिळविले. या पिठांच्या इतिहासाकडे माझे लक्ष वळले ते नातीच्या आजारामुळे.

तिला सीलिअकचे निदान झाले. या विकारात गहू, जव यांतील ग्लूटेन आतड्याच्या अस्तराला इजा करते. उपाय एकच, जन्मभर ते वर्ज्य करणे. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. आठ वर्षांच्या मुलीला डिके ठाऊक असण्याचे कारण नाही. तिला एवढेच कळले की, मैत्रिणींच्या वाढदिवसाला पिझ्झा येतो आणि आपण तो खायचा नाही. तिच्या आजीने उपवासाचे थालीपीठ पुढे केले.

नेपल्सचा पिझ्झा मुळात गव्हाचा. ग्लूटेनमुळेच त्याचा उंडा ताणला जातो व फुगतो. शिंगाड्याच्या पिठात ते नसल्याने ते फुटते. म्हणून उकडलेल्या बटाट्याचा आधार द्यावा लागतो. दोन वाट्या पीठ, दोन मध्यम बटाटे, थोडे दाण्याचे कूट, सैंधव, जिरे आणि अगदी बेताचे पाणी. ओल्या फडक्यावर थापून ते तव्यावर दोन्ही बाजूंनी आधी पुरते भाजावे. आटवलेला टोमॅटो व किसलेले चीज त्यानंतर. कच्च्या थरावर ओले सारण घातले तर मधला भाग पिठूळच राहतो. मग झाकण ठेवून मंद आच.

आता या ताटातील मंडळींचे मूळ पाहा. बटाटा, भुईमूग, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कसावा, हे सारे अमेरिका खंडातले. १४९२ पूर्वी आपल्या कोणत्याही व्रतात ते असणे शक्यच नव्हते. सेलमचा साबुदाणा उद्योग तर दुसऱ्या महायुद्धात आयात थांबल्यावर उभा राहिला. इटलीचा टोमॅटोही त्याच खंडातला. एकाच मुलखातून आलेल्या बटाट्याला आपण एकादशीस पाटावर बसविले आणि टोमॅटोला बहुतेक घरांत दाराबाहेर ठेवले! यामागे शास्त्राहून सवय अधिक, असे मला वाटते. उलट भगर हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवताचे बीज, म्हणजे धान्यच, तरीही ती चालते.

शिंगाडा मात्र इथला, जुना. चरक-सुश्रुतांना तो शृंगाटक म्हणून परिचित होता. मध्य प्रदेशातील तळ्यांत ढीमर, कहार समाजाच्या लोकांनी त्याची शेती पिढ्यान्‌पिढ्या केली आहे; थंड पाण्यात तासन्‌तास राहून फळे तोडण्याचे ते काम आहे. आपण पीठ घेतो तेव्हा ते हात दिसत नाहीत.

नातीसाठी बाजारचे तयार पीठ आम्ही घेत नाही. ज्या चक्कीवर गहू दळला जातो, तिथल्या पिठात त्याचा अंश उतरतो आणि तेवढाही तिला बाधतो. म्हणून हिवाळ्यात सुके शिंगाडे अख्खे आणून, निवडून, घरीच दळतो. पिझ्झा आता दर रविवारी होतो. एकादशीला टोमॅटोऐवजी हिरव्या मिरचीची व खोबऱ्याची चटणी लावली जाते, आणि तो सर्वांनाच चालतो.