उंच झाड, आखूड दिवस आणि रोपाची माती

कुंडीत, छपराखाली किंवा काचगृहात वाढवलेले उंच झाड बाहेर उघड्यावर न्यायचे झाले, तर त्याला जागा कोणती द्यावी आणि माती कोणती? प्रश्न माळीकामाचा वाटतो. पण या प्रश्नाच्या मागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात भांगेच्या झाडाने एकापेक्षा अधिक वेळा महत्त्वाची भूमिका बजावली आहे. आज हे झाड म्हटले की आपल्याला फक्त नशा आणि कायदा आठवतो. वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र ते फार वेगळ्या कारणासाठी आठवते.

भांगेची नर-फुले आणि मादी-फुले साधारणपणे वेगवेगळ्या झाडांवर येतात. जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या कामेरारियसने १६९४ साली वनस्पतींनाही लिंगभेद असतो हे प्रयोगाने दाखवले. एरंड, तुती, मका यांच्यावरचे त्याचे प्रयोग नीट जमले, पण भांगेने त्याला चकवले. नरांपासून दूर ठेवलेल्या मादी-झाडांवरही थोडे बी धरले! आज याची दोन कारणे सांगता येतात. भांगेचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात, आणि मादी-झाडावर क्वचित एखादे नर-फूलही येते. कामेरारियसने हा अडचणीचा निष्कर्ष लपवला नाही. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट खरे तर हीच आहे.

त्यानंतर नामकरण झाले. १७५३ साली लिनीअसने या झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' म्हटले. १७८५ साली लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांना 'कॅनाबिस इंडिका' असे वेगळे नाव दिले. इंग्रजांना या झाडात रस होता तो दोरांसाठी. त्यांच्या आरमाराचे दोरखंड रशियातून येणाऱ्या भांगेच्या धाग्यावर अवलंबून होते. हा पुरवठा युद्धामुळे तुटेल या भीतीने ईस्ट इंडिया कंपनीने भारतात धाग्याचा शोध सुरू केला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात रॉक्सबर्गने अनेक देशी धाग्यांची ताकद मोजून पाहिली. याच काळात नावांचा मोठा गोंधळ झाला. आपला ताग इंग्रजांसाठी 'सन हेम्प' झाला आणि अंबाडी 'डेक्कन हेम्प'. ताग हा वालाच्या कुळातला आणि अंबाडी ही भेंडीच्या कुळातली. भांगेशी दोघांचेही नाते नाही. एकाच शब्दाने तीन कुळे झाकली जातात, तेव्हा शास्त्रीय नाव का लागते हे वर्गात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मग भांगच का लावली नाही? याच्या उत्तराचा एक भाग आकाशात आहे आणि दुसरा जमिनीत.

आधी आकाशाचा भाग पाहू. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्न्वा हा तरुण संशोधक हॉप्स आणि भांग या दोन वनस्पतींवर काम करीत होता. हिवाळ्यात काचगृहात पेरलेली रोपे वीतभर असतानाच फुलावर येत. तापमान, ओलावा, खत यांपैकी कशानेही या घाईचा उलगडा होईना. झाडांना दिवसातून थोडेच तास उजेड दिला, की ती लवकर फुलत. १९१२ ते १९१४ या काळात तुर्न्वाने आपले निष्कर्ष मांडले : कारण आहे दिवसाची लांबी, किंबहुना रात्रीची लांबी. पुढचे काम मात्र राहून गेले, कारण पहिल्या महायुद्धात तुर्न्वा मारला गेला.

हाच धागा अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्या हाती वेगळ्या वाटेने आला. 'मेरिलँड मॅमथ' ही तंबाखूची जात शेतात माणसाच्या डोक्यावर जाई, पण थंडी पडेपर्यंत फुलतच नसे. तीच झाडे काचगृहात हलवली की हिवाळ्यात फुलत. या दोघांनी कुंड्या ठरावीक वेळी अंधाऱ्या खोपटात ठेवल्या, ठरावीक वेळी बाहेर काढल्या, आणि १९२० साली 'दीप्तिकालिता' जगापुढे मांडली. १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी दाखवले, की लघुदिन वनस्पती खरे तर अखंड रात्र मोजते. मध्यरात्री काही मिनिटे दिवा लावला, तरी तिचा हिशेब मोडतो. उजेड ओळखणाऱ्या रंगद्रव्याचा, म्हणजे फायटोक्रोमचा, शोध १९५९ साली लागला.

आता हे ज्ञान मोहोपाड्याला लावून पाहू. खालापूर तालुक्यातील हे गाव १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. येथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. पॅरिसला जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. युरोपातील भांगेच्या अनेक जाती दिवस चौदा तासांच्या आसपास उतरला की फुलू लागतात. म्हणजे आपल्याकडे त्यांच्यासाठी बाराही महिने 'शरद ऋतू'च! रोप जरा वाढले की फुलणार, झाड ठेंगणे राहणार आणि धागा आखूड निघणार. उलट, दिव्याच्या लांबलचक उजेडात वाढलेले उंच झाड येथे उघड्यावर आणले, तर जूनमध्येसुद्धा त्याला दिवस एकदम आखडल्यासारखा वाटेल आणि वाढ सोडून ते फुलांकडे वळेल. आपल्याकडच्या देशी जाती शतकानुशतके येथल्याच दिवसांना सरावल्या आहेत, म्हणून त्या अधिक थांबतात.

दुसरा भाग जमिनीचा. भांगेच्या मुळांना हवा लागते. पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. ब्रिटिश सरकारने १८९३ साली भांग-गांजा आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. या लागवडीचा तपशील त्यात सापडतो. बंगालमधील नौगाव भागात उंचावरची, निचऱ्याची, हलकी जमीन निवडत. रोपे वाफ्यात वाढवून मग शेतात लावत, आणि 'पोद्दार' नावाचे जाणकार नर-झाडे ओळखून उपटत. मुंबई इलाख्यात ही लागवड प्रामुख्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होती, म्हणजे घाटावरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात. खालापूर-कर्जतच्या खाचरात पावसाळाभर पाणी उभे असते. त्या पाण्यात तग धरते ते भात, कारण त्याच्या खोडामुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात.

येथल्या शेतकऱ्याने मात्र आकाश आणि जमीन यांचा मेळ कधीच घातला होता. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे भात. खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवे. जुन्या गरव्या जाती लघुदिन होत्या. पेरणी थोडी मागेपुढे झाली, तरी दिवस आखडू लागले की त्या आपल्या वेळेवर निसवत, आणि तोवर पाऊस ओसरलेला असे. तुर्न्वाच्या कितीतरी आधी हा हिशेब बियाण्यात साठवलेला होता. पुढे आलेल्या बहुतेक सुधारित जातींतून ही संवेदनशीलता मुद्दाम काढून टाकली गेली. त्यामुळे त्या वेगवेगळ्या हंगामांत घेता येतात, पण पेरणीची तारीख चुकली तर ती सावरून घेण्याचा गुण त्यांच्यात उरला नाही.

रोप हलवण्याचे शास्त्रही भातलावणीत दिसते. राबातले रोप तीनचार आठवड्यांचे असतानाच उपटतात. लहान रोपाची पाने थोडी असतात, म्हणून तुटलेली मुळे त्यांची तहान भागवू शकतात. झाड जितके उंच, तितकी पाने अधिक आणि मुळांवरचा ताण मोठा. त्यात आडोशाला वाढलेल्या पानांची साय पातळ असते, आणि वारा न लागलेले खोड कमकुवत असते. म्हणून असे झाड आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात आणि शेवटी पूर्ण उन्हात न्यायचे. माती भुसभुशीत, सेंद्रिय अंश असलेली, निचऱ्याची हवी. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरते हे घड्याळ लावून पाहणे, ही मातीची पहिली परीक्षा.

हे सारे प्रयोग भांगेवर करायचे नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्याविना तिची लागवड हा गुन्हा ठरवला आहे. धाग्यासाठी व बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि २०१८ साली उत्तराखंडने असा परवाना दिला. शाळेला शेवंती पुरे. तीही लघुदिन वनस्पती आहे. पावसाळ्याच्या अखेरीस एकाच जातीच्या, एकाच मातीत लावलेल्या चार कुंड्या घ्या. दोन कुंड्या रस्त्यावरच्या दिव्याच्या झोतात ठेवा आणि दोन अंधाऱ्या आवारात. पहिली कळी कोणत्या कुंडीत आणि कोणत्या तारखेला दिसली, याची नोंद विद्यार्थ्यांना ठेवू द्या. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर कामेरारियसप्रमाणे तोही वहीत लिहायला सांगा. दिव्याचा उजेड पुरेसा होता का, दुसरीकडे खरोखर अंधार होता का, हे प्रश्न मग विद्यार्थीच विचारतील.