घाटावर आणि घाटाखाली : बुलढाणा जिल्ह्यातील सायकलप्रवासाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास लिहिताना लोणारचे विवर, सिंदखेडराजाचा जाधवांचा वाडा, खामगावची कापसाची पेठ आणि शेगावचे संस्थान यांची दखल आवर्जून घेतली जाते. परंतु या सर्व ठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्यांवर विसाव्या शतकात सामान्य माणूस ज्या वाहनाने हिंडला, त्या सायकलीला या इतिहासात जवळजवळ स्थानच मिळालेले नाही. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, सायकलवरून गावोगाव हिंडण्याच्या परंपरेला स्वतःच्या संस्था, नियतकालिके आणि स्मारके आहेत. बुलढाण्यातील परंपरेला यांपैकी काहीही लाभले नाही, म्हणून ती परंपराच नव्हती असा समज होतो. हा समज दूर करायचा तर प्रथम जिल्ह्याची भूमी आणि त्या भूमीवरील रस्ते नीट पाहावे लागतात.

अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्याचे दोन भाग करते. जुन्या वऱ्हाडात उत्तरेकडील पूर्णा नदीच्या सखल खोऱ्याला पायनघाट आणि दक्षिणेकडील पठाराला बालाघाट अशी नावे होती. लोकव्यवहारात आजही ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ हेच शब्द चालतात. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके घाटाखालचे, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा हे घाटावरचे मानले जातात. हा भेद केवळ बोलण्यापुरता नाही. नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा यांचे पाणी पूर्णेतून तापीला व पुढे अरबी समुद्राला मिळते, तर बुलढाण्याजवळच उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वळून गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराची वाट धरते. पाण्याप्रमाणेच माणसांच्या वाटाही येथे दोन दिशांना फुटलेल्या होत्या.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आल्यानंतर कापसाची वाहतूक हे रस्ते आणि रेल्वे बांधण्याचे मोठे कारण ठरले. १८६० च्या दशकात भुसावळहून नागपूरकडे गेलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव असा सर्वस्वी घाटाखालून गेला आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा छोटा फाटा सुरू होऊन तेथील कापूस थेट मुंबईच्या गोदीशी जोडला गेला. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आले, तेव्हा रेल्वेच्या कडेची समृद्ध पेठ आणि रेल्वे नसलेले पठार एकाच जिल्ह्यात नांदू लागले. खामगाव–जालना रेल्वेची मागणी पिढ्यान् पिढ्या होत राहिली, पण घाटावर रूळ चढले नाहीत. त्यामुळे घाटावरच्या माणसाला आगगाडी गाठायची तर आधी घाट उतरणे भाग होते आणि त्यासाठी बैलगाडी, दमणी, घोडे किंवा स्वतःचे पाय एवढीच साधने होती. सायकलीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

दोन सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी आजच्या घडणीची सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्लीने बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरची जोड दिल्यावर तिचा प्रसार वेगाने झाला. भारतात बराच काळ रॅले, हर्क्युलिस, बीएसए अशा आयात सायकलीच मिळत आणि त्यांची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून आरंभी ती पगारदार नोकर, वकील आणि व्यापारी यांच्यापुरतीच मर्यादित राहिली. १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्सची स्थापना झाली आणि स्वातंत्र्यानंतर मद्रासची टीआय, सोनीपतची ॲटलस, आसनसोलची सेन-रॅले व लुधियानाची हिरो या कारखान्यांनी देशी सायकल खेड्यापर्यंत पोहोचवली. सायकल, मनगटी घड्याळ आणि रेडिओ या तीन वस्तू लग्नात जावयाला देण्याची रीत याच काळात रुजली, यावरून तिची प्रतिष्ठा कळून येते.

ज्यांना सायकल विकत घेणे जमत नसे त्यांच्यासाठी भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. बसस्थानकाजवळ किंवा बाजारपेठेच्या तोंडाशी असलेल्या या दुकानात तासाच्या किंवा दिवसाच्या दराने सायकल मिळे, वहीत गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि वेळ लिहून घेतली जाई आणि अनोळखी माणसाला ओळखीच्या कुणाचा तरी हवाला द्यावा लागे. दुकानाच्या दारात पाण्याचे घमेले कायम भरलेले असे. पंक्चर झालेली ट्यूब टायरमधून ओढून काढायची, तिच्यात हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यातून बोटाबोटाने फिरवायची, बुडबुडे उठतील तेथे खूण करायची, ती जागा कानशीने घासून सोल्यूशन लावायचे, ते किंचित सुकू द्यायचे आणि मग जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा दाबून बसवायचा, हे काम कारागीर पाहता पाहता उरकत असे. चाकाला ‘आऊट’ आला, म्हणजे ते फिरताना एका बाजूला लचकू लागले, तर एकेक तार कमी-जास्त ताणून ते सरळ करणे हे याच कारागिराचे खरे कसब मानले जाई. लहान मुलेही तासाभराच्या भाड्यावर सायकल शिकत. सीटवर बसून पाय पुरत नसल्यामुळे दांड्याखालून पाय घालून पायडल मारण्याच्या त्यांच्या पद्धतीला ‘कैची’ असे नाव होते.

सायकलीच्या वापराला ऋतूचे आणि जमिनीचे बंधन होते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार माती पावसाळ्यात चाकाला इतकी घट्ट चिकटते की थोड्याच अंतरात टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसून चाक फिरेनासे होते. अशा वेळी काडीने चिखल उकरीत राहणे किंवा सायकल खांद्यावर घेऊन पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी गाडीवाट, ओलांडणे एवढाच उपाय उरत असे. घाटावर अडचण वेगळी होती. मलकापूरकडून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला येताना राजूरचा घाट आणि खामगावकडून येताना ज्ञानगंगेच्या जंगलातला बोथ्याचा घाट चढावा लागतो. दोन्ही वाटांनी खोरे सोडून पठार गाठेपर्यंत तीनशे मीटरहून अधिक चढ होतो. देशी सायकलीचा दातांचा मेळ ठरलेला असे आणि पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे पाच मीटर पुढे जाई. सपाटीवर हा मेळ सुखाचा, पण चढावर तो मांड्यांना पेलत नसे. त्यामुळे घाट लागला की खाली उतरून, हँडल हाती धरून, कॅरिअरवरच्या ओझ्यासह सायकल ढकलत नेणे हाच शिरस्ता पडला. परतीच्या उतारावर मात्र ब्रेक जपून दाबीत सारा घाट पायडल न मारता उतरता येई.

याच अडचणीला फ्रान्समध्ये निराळे उत्तर मिळाले. सेंत-एतिएन या डोंगराळ शहरातील पॉल द विव्ही हे ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहीत. त्यांनी १८८७ मध्ये सायकलप्रवासाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि चढासाठी हलका व सपाटीसाठी जड असा गिअर बदलता आला पाहिजे, हा आग्रह आयुष्यभर धरला. १८९० मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्स ही संस्था निघाली आणि तिने रस्ते, दिशादर्शक पाट्या व मुक्कामाच्या सोयी यांसाठी काम केले. १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो कुटुंबे सायकली घेऊन समुद्राकडे आणि खेड्यांकडे निघाली. यंत्र, संस्था आणि रजा या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे तेथे सायकलप्रवास हा विरंगुळा बनला.

बुलढाण्याच्या शेतकऱ्याला किंवा जिनिंगमधल्या मजुराला पगारी रजा ठाऊक नव्हती. त्याचे रिकामे दिवस पंचांगाने आणि पेरणी-सुगीच्या चक्राने ठरवलेले होते. त्यामुळे येथील दूरच्या सायकलप्रवासाला जत्रेचे आणि बाजाराचे रूप आले. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, आश्विनात देऊळगावराजाच्या बालाजीचा उत्सव, नवरात्रात लोणारच्या विवरातील कमळजादेवीचे दर्शन आणि वर्षभर शेगावची गजानन महाराजांची समाधी, अशी ठिकाणे या प्रवासाचे मुक्काम ठरली. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतल्यानंतर शेगावकडे येणाऱ्यांची रीघ वाढतच गेली. त्यांत पायी येणाऱ्यांबरोबर सायकलवर वळकटी आणि भाकरीचे गाठोडे बांधून येणारे भाविकही होते. आठवडी बाजाराचे वर्तुळ याहून नियमित होते. कापड, बांगड्या, भांडी किंवा मसाले कॅरिअरवर लादून आज एका गावाच्या आणि उद्या दुसऱ्या गावाच्या बाजाराला जाणारा फेरीवाला आठवडाभरात जे अंतर कापीत असे, ते एखाद्या हौशी प्रवाशाच्या सहलीहून कमी नव्हते. पोस्टमन, प्राथमिक शिक्षक आणि हँडलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेला दूधवाला हे या रस्त्यांचे रोजचे प्रवासी होते.

हौसेने आणि साहसाने केलेल्या सायकलप्रवासाचा वारसा महाराष्ट्रात वेगळ्या वर्गाकडे होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. त्यांच्या प्रवासाचे ग्रंथ झाले, सत्कार झाले. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांत राजूरचा घाट वर्षानुवर्षे चढणाऱ्या फेरीवाल्याची मात्र नोंद झाली नाही, कारण त्याच्या श्रमाला प्रवास म्हणण्याची दृष्टीच नव्हती.

१९७२ मध्ये बाजारात आलेली लुना आणि नंतरच्या मोटारसायकली, तसेच राज्य परिवहनाच्या वाढत्या फेऱ्या यांमुळे सायकल हळूहळू मागे पडली. भाड्याची दुकाने पंक्चर काढण्यापुरती उरली आणि नगरपालिकांचे सायकलकराचे पितळी बिल्ले अडगळीत गेले. तरी हा इतिहास संपलेला नाही. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या आणि गावातली सायकल पुरुषांच्या हातून मुलींच्या हाती आली, हा या वाहनाच्या सामाजिक इतिहासातील मोठा पालट आहे. दुसरीकडे, फ्रान्समधील ऑदाक्स क्लब पारिझियँ या १९०४ च्या संस्थेने घालून दिलेल्या नियमांनुसार २०० किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करण्याचे ‘ब्रेव्हे’ महाराष्ट्रातील शहरांतही होऊ लागले असून, पंढरपूरसारख्या तीर्थक्षेत्री सायकलवारी करणारी मंडळेही वाढत आहेत. फ्रेंच शिस्त आणि वारीची ओढ यांची येथे पहिल्यांदा गाठ पडली आहे.

२०२२ च्या डिसेंबरापासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा, मेहकर आणि लोणार परिसरातून जातो. रेल्वेपासून वंचित राहिलेल्या घाटावरच्या भागाला त्यामुळे नागपूर आणि पश्चिम महाराष्ट्र जवळ आले. मात्र या मार्गावर सायकलीला मज्जाव आहे. वेगाच्या रस्त्याला असा नियम आवश्यक असला तरी त्याच्या कडेच्या गावातील मुलीला शाळेपर्यंत, भाविकाला शेगावपर्यंत आणि फेरीवाल्याला पुढच्या बाजारापर्यंत सायकलीने सुखरूप जाता यावे एवढी जागा जिल्ह्याच्या जुन्या रस्त्यांवर राखणे हे नियोजनाचे कर्तव्य ठरते. ज्यांनी सायकल ढकलत घाट चढवला, त्यांच्या वाटा टिकल्या तरच त्यांचा इतिहास लिहिण्यास अर्थ राहील.