सदोष व्यायामसाधने आणि व्यायामशाळेचे दायित्व

व्यायामशाळेतील (जिममधील) साधन सदोष असल्यामुळे सभासदास इजा झाल्यास तिची भरपाई देण्याची चालकाची कायदेशीर जबाबदारी म्हणजे व्यायामशाळेचे दायित्व होय. भारतात या प्रश्नाचा विचार मुख्यतः अपकृत्य कायदा, भारतीय करार अधिनियम, १८७२ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यांच्या आधारे केला जातो.

काळजीचे कर्तव्य

वजनयंत्राची पोलादी तार तुटणे, बाकाचा सांधा निखळणे, ट्रेडमिलचा पट्टा अचानक थांबणे ही सदोषतेची नेहमीची उदाहरणे होत. तारा, कप्प्या आणि पट्टे वापराने झिजतात. म्हणून ठरावीक मुदतीने तपासणी करणे, तिची नोंद ठेवणे आणि बिघडलेले यंत्र तत्काळ वापरातून काढणे हे चालकाकडून अपेक्षित असते. आयएसओ २०९५७ या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती व व्यावसायिक वापराच्या साधनांचे वर्ग वेगळे आहेत. केवळ घरगुती वापरासाठी बनवलेले साधन व्यायामशाळेत ठेवणे हाही निष्काळजीपणा ठरू शकतो.

पुरावा

निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार सामान्यतः जखमी व्यक्तीवर असतो. मात्र वस्तू पूर्णतः प्रतिवादीच्या ताब्यात असेल आणि निष्काळजीपणाशिवाय असा अपघात सहसा घडत नसेल, तर ‘घटना स्वतःच बोलते’ हे तत्त्व लागू होऊ शकते. दिल्लीतील चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हे तत्त्व मान्य करून महानगरपालिकेस जबाबदार धरले.

हमीपत्राची मर्यादा

प्रवेश घेताना ‘इजा झाल्यास व्यायामशाळा जबाबदार नाही’ अशा मजकुरावर सभासदाची सही घेतली जाते. अशा सहीने सर्व हक्क संपतात, हा समज बरोबर नाही. स्नायू लचकणे यांसारखी व्यायामाची स्वाभाविक जोखीम सभासदाने स्वीकारलेली असते. तुटक्या यंत्राची जोखीम त्याने स्वीकारली, असे सहसा मानता येत नाही. करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल असतो. लिली व्हाइट विरुद्ध आर. मुनुस्वामी या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने धुलाईकेंद्राच्या पावतीवरील भरपाई मर्यादित करणारी अट याच कारणाने अमान्य केली होती. मात्र सभासदाने सूचना डावलून यंत्र वापरले असल्यास भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते.

उत्पादकाची जबाबदारी

दोष रचनेत, निर्मितीत किंवा अपुऱ्या सूचनांत असल्यास २०१९ च्या अधिनियमातील कलम ८४ नुसार उत्पादकाविरुद्ध दावा करता येतो. देखभालीतील हयगयीबद्दल चालकावर सेवेतील त्रुटीची जबाबदारी येते. दोघांविरुद्ध एकत्रित तक्रारही करता येते.

दाद मागणे

शुल्क भरणाऱ्या सभासदास ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कलम ६९ नुसार त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. यंत्राची छायाचित्रे, शुल्काची पावती, रुग्णालयाची कागदपत्रे आणि घटनेची लेखी कळवणी हे महत्त्वाचे पुरावे होत. यंत्र दुरुस्त झाल्यानंतर दोष दाखवणे कठीण जाते, म्हणून छायाचित्रे लगेच काढणे आवश्यक असते. सार्वजनिक उद्यानांतील विनामूल्य खुल्या व्यायामशाळांत मोबदला दिलेला नसल्याने वापरकर्ता सामान्यतः ‘ग्राहक’ ठरत नाही. तेथे दिवाणी न्यायालयात दावा हा मार्ग उरतो. गंभीर हलगर्जीपणा असल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १२५ खाली फौजदारी कारवाईही होऊ शकते.