मनोसामाजिक कार्य : एमएसडब्ल्यूनंतरची पायरी

मालवण किनारपट्टीला राज्याचे जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणजे रत्नागिरीचे. गावाजवळ उपचार मिळावेत यासाठीच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा मानसशास्त्रज्ञासोबत मनोविकार समाजकार्यकर्त्याचेही पद असते. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) ही त्याची पहिली पायरी. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते. मात्र तेवढे पुरत नाही, ही मेख अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार त्यापुढे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. किंवा शासनाने विहित केलेली पात्रता लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली, या शाखेला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासणे म्हणूनच अगत्याचे.