आरीचं काम आणि रिपीटचं काम

अब्बांची एक चामडी पिशवी घरात आहे. वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे ते हिशेब लिहायचे, आणि आंबिया बहाराच्या दिवसांत ती पिशवी त्यांच्या खांद्यावरून क्वचितच उतरायची. झाकणाची दोन्ही टिचबटणं तुटलेली, आणि पट्टा पिशवीला जिथे जोडला आहे तिथलं एक रिपीट निघालेलं. एसटी स्टँडजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी ती घेऊन गेलो. काकांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "शिवाचं असन तं शिवून देतो. टिचबटन मी आता ठेवत नाही. अमरावतीहून आन अन् तुह्याच हातानं मार. काई अवघड नाही त्याच्यात."

पन्नाशी गाठली तरी मी हातात हातोडी कधी धरली नव्हती. पण सामान आणलं, आणि पुढचे चार-पाच रविवार काकांच्या शेजारी पोत्यावर बसून शिकलो. त्या निमित्ताने जे वाचलं, आणि घरात जे ऐकावं लागलं, ते इथे लिहितो आहे.

आधी शब्द. रिव्हेटचं 'रिपीट' कारागिरांनी केलं आणि तेच बाजारात चालतं. टिचबटणाला नाव त्याच्या आवाजाने दिलं. नाडी ओवायच्या धातूच्या डोळ्याला आयलेट म्हणतात. भोक पाडायच्या हत्याराला सुंबा. हा शब्द फारसीतून आला, तिथे त्याच्या मुळाचा अर्थच भोक पाडणं. आरी, रापी, ऐरण ही मात्र इथलीच मंडळी.

रिपीटचे दोन भाग असतात, दांडीवालं बूड आणि टोपी. दांडी चामड्याच्या थरांतून वर येऊन साधारण तीन मिलिमीटर उरली पाहिजे. कमी उरली तर टोपी पकडत नाही. जास्त उरली तर घावाखाली दांडी आतल्या आत वाकते आणि रिपीट कायम डुगडुगत राहतं. म्हणून आधी चामड्याची जाडी मोजायची आणि मग रिपीट निवडायचं. मी नेमकं उलटं केलं होतं. भोक दांडीच्याच मापाचं हवं, सैल नको. खाली वाटीसारखा खळगा असलेली छोटी ऐरण आणि वर तसाच खळगा असलेला ठसा ठेवला नाही, तर टोपीची गोलाई चपटी होते. माझी पहिली तीन रिपिटं पक्कडीने तोडून काढावी लागली. काका हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "घाव एकच मार, पन उभा मार. दहा मारशीन तं वाकडंच होईन."

तांब्याचं भरीव रिपीट वेगळं. त्याला टोपी नसते; दांडीवर तांब्याची चकती घट्ट बसवायची, वर उरलेली दांडी दोनेक मिलिमीटर ठेवून कापायची आणि गोल डोक्याच्या हातोडीने हळूहळू ठोकून तिचंच डोकं तयार करायचं. वेळ लागतो, पण ओझं पेलणाऱ्या पट्ट्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. आयलेट त्यामानाने सोपं: भोक नळीपेक्षा किंचित लहान, नळी चांगल्या बाजूने आत, आणि मागून ठशाने तिची कड फुलवून दुमडायची. मोठ्या आयलेटला मागे चकती लागते, नाहीतर दुमडलेली कड चामड्यातून ओढली जाते.

टिचबटण सगळ्यांत खोडकर. त्याचे चार तुकडे. टोपी आणि खोबण झाकणाला, गुंडी आणि तिचं बूड पिशवीला. मी पहिल्यांदा खोबण बाहेरच्या बाजूला बसवली. झाकण उघड्यावर टिचकन लागेल, बंद होणार नाही, अशी पिशवी तयार झाली. खोबणीत दोन बारीक तारा असतात, गुंडीला त्याच धरतात. हातोडी जोरात बसली की त्या दबतात आणि बटण एकतर उघडत नाही, नाहीतर लागतच नाही. गुंडीची जागा पिशवी रिकामी असताना कधी ठरवू नये. आधी झाकणाचं बटण बसवायचं, पिशवीत वह्या भरायच्या, झाकण ओढून वरून दाबायचं. खोबणीचा वळ उमटेल तिथे गुंडी. अब्बांच्या पिशवीत त्यांच्याच दोन चोपड्या भरून मी ती जागा काढली.

लोखंडाबद्दल काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या चामड्यात लोखंड घातलं आणि ओल लागली, की भोवती काळं कडं उमटतं आणि ते जात नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपल्याकडे काळी शाई करत, तीच क्रिया. दफ्तरातली शाई आणि चपलेवरचा डाग ही सख्खी भावंडं. पितळ वापरावं, तर चामड्यातल्या तेलाने त्यावर हिरवट मेण चढतं, पण ते पुसता येतं. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, हे ज्या घरात माहीत आहे तिथे हे वेगळं समजवावं लागत नाही.

चामड्यात धातू घालायची कला आपल्याकडे नवी नाही. कोणत्याही संग्रहालयातली जुनी कातडी ढाल पाहा. दर्शनी बाजूला चार फुल्या असतात, पितळेच्या किंवा पोलादाच्या, आणि पाहणारा त्यांना शोभेच्या समजतो. खरं तर त्यांच्या दांड्या जाड कातड्यातून आरपार जातात आणि आतल्या बाजूला कड्या धरतात; त्या कड्यांना मुठीचे पट्टे. घाव ढालीवर पडला की सगळा भार त्या चार सांध्यांवर. साखळी चिलखताचंही तेच. चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीचं तोंड बारीक रिपिटाने बंद केलेलं असे.

पण ही फौजेची आणि सरदारांची गोष्ट झाली. साध्या माणसाचं चामडं शिवलेलं असायचं. कोल्हापुरी चप्पल आजही खिळ्याशिवाय, चामड्याच्याच वादीने शिवली जाते. विहिरीवरची मोट वादीने लोखंडी कड्याला बांधलेली. शिवण घालायला आरी लागते, आणि आरी हातात बसायला वर्षं जातात. टाक्यांतलं अंतर, वादीची ओल, ओढ किती द्यायची, हे लहानपणापासून बापाशेजारी बसलेल्या मुलालाच येतं. आपल्या समाजात बापाशेजारी बसणं म्हणजे जात. जनावर सोलणारा वेगळा, कमावणारा ढोर वेगळा, शिवणारा चांभार वेगळा, जीन करणारा जीनगर वेगळा. हुनर जातीत राहिलं आणि हुनराबरोबर तिरस्कारही तिथेच राहिला.

एकोणिसाव्या शतकात हे सांधे कारखान्यातून स्वस्तात निघू लागले. १८७३च्या २० मे रोजी अमेरिकेत जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना पँटच्या खिशांना तांब्याची रिपिटं मारण्याचं पेटंट मिळालं. डेव्हिस हा रीगाहून आलेला ज्यू शिंपी, नेवाडातल्या रेनो गावात दुकान होतं. घोड्यांच्या झुलींना पट्टे जोडायला तो रिपिटं वापरायचा. लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागितली, तेव्हा हाताशी होती तीच त्याने खिशाच्या कोपऱ्यांवर ठोकली. म्हणजे जीन्सवरचं तांबडं रिपीट घोड्याच्या सामानातून आलेलं आहे. १८८५मध्ये जर्मनीत हेरिबर्ट बाउअरने टिचबटणाचं पेटंट घेतलं, तेही पुरुषांच्या विजारीसाठी.

आमच्या वऱ्हाडात याच काळात कापसाने रेल्वे आणली. १८७०मध्ये लॉर्ड मेयो खामगावचा फाटा सुरू करायला आला होता. मग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने. वाफेच्या इंजिनाने फिरणारा एक लांब दांडा आणि त्यावरून प्रत्येक जिनाला गती देणारे चामड्याचे पट्टे. हे पट्टे सतत सांधावे लागत, कुठे वादीने, कुठे धातूने, आणि ते सांधायचं काम कारखान्यातल्या फिटरचं. चामडं ठोकणारा तो माणूस मिस्त्री म्हणून ओळखला गेला. चौकात बसून चामडं शिवणारा मात्र ज्या नावाने ओळखला जायचा त्याच नावाने राहिला. दोघांच्या हाताला वास एकच.

माझं म्हणणं एवढंच आहे. टाका वारशाने मिळतो, रिपीट दुपारभरात कुणालाही येतं. हा सांधा बिनजातीचा आहे. तिरस्कार मात्र सांध्याबरोबर बदलला नाही.

हे मला पुस्तकात सापडण्याआधी अंगणात ऐकू आलं. मी ऐरण घेऊन ठोकत बसलो होतो, तेव्हा ऐंशीच्या पुढची माझी फुफी दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मशक छोड़ने को दो पीढ़ी लगी, और तू फिर चमड़ा लेके बैठा." घरात हा विषय त्याआधी कधीच निघाला नव्हता. माझे परदादा भिश्ती होते, पाठीवर बकऱ्याच्या कातड्याची मशक घेऊन घरोघर पाणी घालायचे. आम्हाला लहानपणी सांगितलं गेलं होतं की ते 'सरकारी नोकरीत' होते.

भिश्ती हा शब्द बिहिश्त म्हणजे जन्नतवरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो जन्नतचा. नाव एवढं मोठं दिलं आणि बसायला जागा दाराबाहेर. १५३९मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाने हुमायूंला हरवलं, तेव्हा गंगेत बुडणाऱ्या बादशहाला निजाम नावाच्या भिश्तीने फुगवलेल्या मशकीवर तारून नेलं. बादशहाने वचन पाळलं आणि त्याला तख्तावर बसवलं. हुमायूंची बहीण गुलबदन बेगम हिने लिहून ठेवलं आहे की दोन दिवस त्याचा हुकूम चालला, आणि भाऊ कामरान याला ते अजिबात रुचलं नाही. बक्षीस दुसरं काहीही देता आलं असतं, तख्त कशाला, असं त्याचं म्हणणं. लोककथा पुढे जाते. निजामने आपली मशक कापून चामड्याची नाणी पाडली, आणि एका रूपात तर प्रत्येक नाण्याच्या मधोमध सोन्याची खिळी होती. कथा खरी की खोटी हा प्रश्न नाही. ती नाणी पिढ्यानपिढ्या हसण्यावारी सांगितली गेली, हे खरं आहे. भिश्त्याचं राज्य म्हणजे विनोद.

मशकीची एक गोष्ट मला आता कळते. चांभाराचं काम भोकापासून सुरू होतं, भिश्त्याचं भोक बंद करण्याने. ज्या कातड्यातून पाणी न्यायचं तिथे सुंबा चालत नाही. आमच्या घराण्यात चामडं होतं, पण रिपीट मारणारा पहिला मीच.

आपण मुसलमान जात मानत नाही, असं आपण फार सहज म्हणतो. दीनमध्ये जागा नाही हे खरं. कमावलेलं कातडं पाक होतं, हा फिकहचा साधा मसला आहे. पैगंबर स. आपले जोडे स्वतः सांधायचे, हे हजरत आयेशा यांनी सांगितलेलं आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश कातडं कमवायच्या, शिवायच्या आणि येईल ती कमाई दान करायच्या. अरबीत जोडे सांधण्याला 'खस्फ' म्हणतात. त्यावरून नाव पडलेला अल-खस्साफ हा नवव्या शतकातला बगदादचा हनफी फकीह. वक्फच्या नियमांवरचं सुरुवातीच्या काळातलं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक त्याचं, आणि पोट भरायचा जोडे सांधून. वक्फवर आज इतकं बोललं जातं, पण या मोच्याचं नाव क्वचितच कानावर येतं.

आणि तरी 'मोची' आमच्याच मोहल्ल्यात शिवी म्हणून वापरली जाते. सोयरीक जुळवताना बिरादरी विचारली जाते. १९९०च्या दशकात शब्बीर अन्सारी, विलास सोनवणे यांनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्या सभांना गेला, तेव्हा सगळ्यांत आधी नाराज झाली ती आमच्यातलीच प्रतिष्ठित मंडळी. आपल्यात अशा जाती नाहीतच, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या घरातल्या फुफीला विचारलं असेल?

काकांच्या दुकानात आता अस्सल चामडं थोडंच आहे, बाकी रेक्झिन. गायीच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्यापासून बंदी होतीच. बैल आणि वळूंना ती लागू करणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५मध्ये केली आणि २०१५मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तेव्हापासून कोल्हापुरी चपलेचे कारागीरही कातड्याच्या टंचाईबद्दल बोलत आले आहेत. पुढच्या वर्षी, जुलै २०१६मध्ये, गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारलं. म्हातारा बैल विकणारा शेतकरी, कुरेशी, ढोर, चांभार ही एकच साखळी आहे आणि तिच्या प्रत्येक कडीवर घाव पडला. पण या कड्या एकमेकींच्या घरी चहा पीत नाहीत. काका माझ्याशी इतके रविवार बोलले, पण त्यांनी डब्यातला घास पुढे केला तो चौथ्या रविवारी, आणि तोही "चालन काय तुले?" असं विचारून. हा प्रश्न त्यांना का विचारावा लागला, हे मी त्यांना विचारलं नाही.

पिशवी आता पूर्ण झाली आहे. पट्ट्याला तांब्याची दोन रिपिटं, झाकणाला पितळी टिचबटणं. डावं बटण मिलिमीटरभर तिरकं आहे. फुफी त्या पिशवीकडे पाहत नाही. परवा मात्र तिने आपला पानाचा बटवा माझ्यासमोर ठेवला, त्याचं टिचबटण सैल झालंय म्हणाली. बटवा कापडाचा आहे, हेही दोनदा सांगितलं. पातळ कापडात टिचबटण टिकत नाही, मागून चामड्याची चकती द्यावी लागते. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.