अदृश्य यष्ट्यांचा निवाडा

क्रिकेटमध्ये यष्ट्या डोळ्यांना दिसतात. चेंडू त्यांवर आदळला, की वादाला जागा उरत नाही. अमेरिकेच्या बेसबॉल या राष्ट्रीय खेळातील यष्ट्या मात्र अदृश्य आहेत. फलंदाजासमोर जमिनीत बसवलेली १७ इंच रुंदीची एक पांढरी पंचकोनी पाटी, तिला होम प्लेट म्हणतात, आणि तिच्यावर हवेत कल्पिलेला एक चौकोन, एवढेच काय ते लक्ष्य. फलंदाजाने न खेळलेला चेंडू त्या चौकोनातून गेला तर ‘स्ट्राइक’, बाहेरून गेला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की त्याला पहिला तळ फुकट. हा निवाडा कॅचरच्या पाठीशी वाकून उभा असलेला पंच करतो. ६० फूट ६ इंचांवरून सुटलेला वेगवान चेंडू त्याच्यापर्यंत सुमारे चार दशांश सेकंदात पोहोचतो. तेवढ्या अवधीत जी वस्तू तेथे नाहीच, तिला चेंडू लागला की नाही हे त्याने सांगावयाचे असते.

आरंभी हा भार पंचावर नव्हता. १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाने नियम लिहिले, तेव्हा फलंदाजाने बॅट फिरवून चेंडू चुकवला तरच तो स्ट्राइक धरला जाई. चेंडू फेकणाऱ्या पिचरचे काम चेंडू खेळावयास देणे एवढेच होते. साहजिकच काही फलंदाज मनाजोगत्या चेंडूची वाट पाहत स्वस्थ उभे राहू लागले आणि खेळ रेंगाळू लागला. म्हणून १८५८ मध्ये, चांगला चेंडू सोडणाऱ्या फलंदाजावर स्ट्राइक पुकारण्याचा अधिकार पंचाला मिळाला. पुढे पिचरही वाईट चेंडू टाकून छळू लागले, तेव्हा बॉल पुकारण्याची सोय झाली. तरीसुद्धा १८८६ पर्यंत फलंदाज ‘उंच’ किंवा ‘ठेंगणा’ चेंडू मागून घेऊ शकत होता. १८८७ मध्ये ही मिजास संपली, आणि चार बॉलांची मर्यादा १८८९ मध्ये ठरली. जुन्या नियमांच्या पवित्रतेची आज जी भाषा ऐकू येते, तिच्यापुढे हा इतिहास ठेवण्याजोगा आहे. बेसबॉलचे नियम कधीच स्थिर नव्हते. पिचर आणि फलंदाज यांच्यापैकी ज्याचे पारडे जड होई, त्याच्या विरुद्ध बाजूस वजन टाकण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

याचे ठळक उदाहरण १९६८ चे. त्यापूर्वी पाच वर्षे, म्हणजे १९६३ मध्ये, स्ट्राइकचा चौकोन खांद्यापर्यंत वाढवण्यात आला होता. परिणाम असा झाला, की १९६८ मध्ये फलंदाज हतबल झाले. सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने नऊ डावांमागे सरासरी केवळ १.१२ धावा दिल्या. अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज कार्ल यस्ट्रेम्स्की याची सरासरी .३०१ होती, एरवी या आकड्यावर अव्वल स्थान स्वप्नातही मिळाले नसते. लगेच १९६९ मध्ये पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि चौकोनही आखूड झाला.

पण कागदावरचा चौकोन आणि मैदानावरचा चौकोन या दोन भिन्न वस्तू होत्या. प्रत्येक पंचाचा आपला असा चौकोन असे. १९०५ ते १९४१ पर्यंत पंचगिरी करणारा बिल क्लेम याच्याविषयी आख्यायिका आहे, की आपण पुकारेपर्यंत चेंडू बॉलही नसतो आणि स्ट्राइकही नसतो असे तो ठणकावून सांगे. या वाक्यात गर्व आहे. परंतु एक कायदेशीर सत्यही आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी फ्लॉरिडा आणि अटलांटा यांच्यातील सामन्यात हे सत्य फारच कडू होऊन समोर आले. पंच एरिक ग्रेग याने प्लेटच्या कितीतरी बाहेरून जाणारे चेंडू स्ट्राइक ठरवले, लिव्हान हर्नांडेझ या तरुण पिचरने १५ फलंदाज बाद केले, आणि फ्लॉरिडाने २-१ असा विजय मिळवला. त्याच वर्षी त्या संघाने विश्वमालिकाही जिंकली.

पंच आणि मालक यांचे संबंधही तेव्हा बिघडतच चालले होते. १९९९ मध्ये पंचांच्या संघटनेने सामुदायिक राजीनाम्याचे अस्त्र उपसले. ते तिच्यावरच उलटले आणि २२ पंचांच्या नोकऱ्या गेल्या. दोनच वर्षांनी काही मैदानांवर क्वेस्टेक नावाची कॅमेऱ्यांची यंत्रणा आली. ती निर्णय देत नसे. पंचांचे निर्णय तपासत असे. पंचांना तो आपल्यावर ठेवलेला पहारा वाटला, आणि तो तसा होताही. पिचरांचाही तिच्यावर राग होता. २००३ मध्ये कर्ट शिलिंगने अशा एका कॅमेऱ्याचे तुकडे केले आणि दंड भरला.

यंत्रपंचाची कल्पना याहून पुष्कळ जुनी. ब्रूकलिन डॉजर्स संघाने १९५० च्या सरावात प्रकाशविद्युत घटांवर चालणारा ‘विद्युत पंच’ मांडून पाहिला होता. तो कौतुकाचा विषय ठरला, कामाचा नव्हे. कामाचे यंत्र आले ते चेंडूचा मार्ग इंचाच्या अंशापर्यंत मोजता येऊ लागल्यावर. आणि यात क्रिकेटचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये लॉर्ड्‌सवरील कसोटीच्या प्रक्षेपणात प्रथम दिसलेले ‘हॉक-आय’ तंत्र २०२० पासून बेसबॉलच्या मोठ्या लीगच्या मैदानांवर बसले. निर्णयाला आव्हान देण्याची पद्धतही क्रिकेटने २००८ मध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत आजमावली होती. त्या मालिकेनंतर भारतीय मंडळ कित्येक वर्षे तिला नाके मुरडत राहिले आणि २०१६ मध्ये कोठे राजी झाले. अमेरिकेतील वाद त्यामुळे भारतीय रसिकाला परका वाटू नये.

२०१९ मध्ये अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगमध्ये यंत्राने प्रथम सर्व निर्णय दिले. पंचाच्या कानात आवाज येई आणि तो पुकारा करी. मग कनिष्ठ लीगांतून प्रयोग वाढत गेले. तेथे एक गंमत उघड झाली. नियमपुस्तकातला चौकोन शब्दशः लावला, तर तो कोणालाच आवडत नाही. प्लेटच्या कडेला चाटून जमिनीकडे कोसळणारा वळणदार चेंडू नियमाने स्ट्राइक ठरे, पण पिचर, फलंदाज आणि प्रेक्षक तिघेही चकित होत. शंभर वर्षांत पंचांनी नियमाला जो व्यवहारी आकार दिला होता, तोच खेळाडूंच्या हाडीमाशी खिळला होता.

दुसरा प्रश्न कॅचरच्या पोटापाण्याचा. किंचित बाहेरचा चेंडू हातमोज्याच्या हळुवार हालचालीने आत असल्यासारखा दाखवणे ही कॅचरची परंपरागत कला. काही जण तिला लबाडी म्हणतात. पण हंगामभर अशा चेंडूंनी किती धावा वाचतात याचे गणित मांडले गेल्यापासून तिचे मोल पगारात दिसू लागले. सारे निर्णय यंत्राकडे गेले, तर ही विद्या एका दिवसात निरर्थक ठरली असती.

म्हणून तडजोड निघाली. पुकारा पंचानेच करावयाचा. प्रत्येक संघास दोन आव्हाने. आव्हान खरे ठरले तर ते शिल्लक राहते. मागणी फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनी, डोक्यावरील टोपीस किंवा शिरस्त्राणास स्पर्श करून, तत्क्षणी करावयाची. बाहेर बसलेल्या व्यवस्थापकाला त्यात बोलण्याचा अधिकार नाही. २०२५ च्या वसंत-सरावात ही रीत वापरली, तेव्हा निम्म्याहून थोडी अधिक आव्हाने यशस्वी झाली आणि प्रत्येकास सरासरी १४ सेकंदही लागली नाहीत. वेळेचा हा हिशोब महत्त्वाचा होता. कारण २०२३ मध्ये पिचरवर घड्याळ लावून लीगने नऊ डावांच्या सामन्याची सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आणली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये नियमसमितीने ही पद्धत २०२६ च्या हंगामापासून मंजूर केली. त्या ११ जणांच्या समितीत मालकांचे ६, खेळाडूंचे ४ आणि पंचांचा प्रतिनिधी अवघा एक होता.

यंत्राला लागणारा चौकोन मात्र नव्याने आखावा लागला. पूर्वी त्याची उंची फलंदाजाच्या पवित्र्यावर ठरे. १९५१ मध्ये सेंट लुईस ब्राउन्सचे मालक बिल व्हेक यांनी याच नियमाचा विनोद केला होता. त्यांनी ३ फूट ७ इंच उंचीच्या एडी गेडेलला फलंदाज म्हणून उभे केले, वाकून उभे राहण्याची ताकीद दिली, आणि पिचरला चौकोन सापडेचना. चार चेंडूंत गेडेल पहिल्या तळावर गेला. आता चौकोनाची खालची कड फलंदाजाच्या उंचीच्या २७ टक्क्यांवर आणि वरची ५३.५ टक्क्यांवर असते. त्यासाठी प्रत्येक खेळाडूला पादत्राणे उतरवून मोजले जाते. माहितीपत्रकात छापलेली उंची येथे चालत नाही. या हिशोबाने गेडेलच्या वाट्याला सुमारे साडेअकरा इंच उंचीचा चौकोन आला असता, आणि तो कितीही वाकला तरी तेवढाच राहिला असता.